सेबुआनोतले आकडे: कुठे ‘दुहा’, कुठे ‘दोस’ आणि कुठे सरळ ‘टू’

प्रश्न थोडक्यात असा: फिलिपिन्समधल्या दावावला वैद्यकीय शिक्षणासाठी जायचं आहे. पुस्तकातून सेबुआनोचे एक ते शंभर आकडे पाठ केले, पण व्हिडिओत बाजारातली माणसं बोलताना ऐकली तर त्यांतला एकही आकडा कानावर पडत नाही. मग पाठ केलेलं चुकीचं आहे का? आणि नेमकं काय शिकावं?

पुस्तक चुकलेलं नाही, अर्धंच सांगतंय. सेबुआनोत (तिथले लोक तिला बहुधा ‘बिसाया’ म्हणतात) आकड्यांच्या तीन माळा एकाच वेळी चालतात: भाषेची स्वतःची, स्पॅनिशमधून आलेली आणि इंग्रजी. तिन्ही रोजच्या बोलण्यात आहेत, पण कामं वाटून घेतलेली. माणसं, दिवस, आंबे, गोळ्या अशी मोजदाद दहापर्यंत असेल तर मूळ आकडे. पैसे, घड्याळ, तारीख, वय आणि साधारण दहाच्या वरचं सगळं स्पॅनिश आकड्यांत. फोन नंबर, दशांश, इसवी सन, शाळेतलं गणित इंग्रजीत. त्यामुळे ‘पंचेचाळीसला सेबुआनोत काय म्हणतात’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पंचेचाळीस काय, रुपये की माणसं, ते आधी ठरतं. शिकताना सगळा जोर या वाटणीवर द्यायचा. शब्द तर मोजून चाळीसेक आहेत.

पहिली माळ. उसा, दुहा, तुलो, उपात, लिमा, उनोम, पितो, वालो, सियाम, नापुलो. मॅगेलनच्या मोहिमेतला इटालियन बखरकार पिगाफेत्ता 1521 मध्ये सेबूत होता. त्याने तिथे ऐकलेल्या शब्दांची यादी करून ठेवली, आणि तिच्यातले आकडे आजही जवळजवळ जसेच्या तसे ओळखू येतात. पाचशे वर्षांत या दहा शब्दांना धक्का लागलेला नाही, तेव्हा ते घासूनपुसून पाठ करायला हरकत नाही.

उच्चारात दोन गोष्टी सांभाळा. एक ते नऊ या सगळ्यांत आघात शेवटच्या अक्षरावर येतो: पि-तो म्हणताना जोर ‘तो’वर. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘पितो’ म्हणजे शिट्टी. ‘तुलो’चं तर जास्तच सांभाळा. जोर पहिल्या अक्षरावर सरकला की अर्थ होतो ठिबकणं, गळणं, आणि बोलीभाषेत एक गुप्तरोगही. दवाखान्यात काम करणाऱ्याने ही गल्लत न केलेली बरी. ‘नापुलो’ मात्र वेगळा, त्यात जोर ‘पु’वर. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ओ’ आणि ‘उ’ यांच्यात, तसंच ‘इ’ आणि ‘ए’ यांच्यात तिथला कान फारसा फरक करत नाही. कोणी ‘तुलु’ म्हटलं, कोणी ‘तुलो’ लिहिलं, तरी शब्द एकच.

आता खरी गोम. नुसता आकडा नामाला चिकटत नाही, मधे ‘का’ लागतो: दुहा का तावो (दोन माणसं), तुलो का आद्लाव (तीन दिवस), लिमा का मांगा (पाच आंबे). या ‘का’चा मराठी प्रश्नार्थक ‘का’शी काही संबंध नाही. तो फक्त जोड आहे. तो गाळला की वाक्य परक्याचं वाटतं. सुट्ट्या वस्तूंसाठी ‘बुओक’ म्हणजे नग हा शब्द सतत येतो: पिला का बुओक? (किती नग?) लिमा का बुओक. काय मागताय ते समोर दिसत असेल तर नामाची गरजच नाही. बार्बेक्यूच्या गाडीवर नारळाच्या पातीत विणून शिजवलेला भात, पुसो, मागताना ‘उपात का पुसो’ म्हणा किंवा नुसतं ‘उपात का बुओक’ म्हणा, काम होतं.

या ‘का’भोवती तीन चुका हमखास होतात.

पहिली: ‘फक्त’, ‘आता’, ‘अजून’ या अर्थाचे छोटे शब्द, रा, ना, पा, हे आकडा आणि ‘का’ यांच्या मधे बसतात. ‘तीन दिवस झाले’ म्हणजे तुलो ना का आद्लाव. ‘दोनच नग’ म्हणजे दुहा रा का बुओक. ‘अजून पाच’ म्हणजे लिमा पा का बुओक. मराठीत ‘च’ शब्दाच्या शेपटाला लागतो म्हणून आपण ‘रा’ वाक्याच्या शेवटी ढकलतो. समजतं, पण कानाला खटकतं. आकडा, मग छोटा शब्द, मग ‘का’, हा क्रम हाडात मुरवायचा.

दुसरी: अनेकवचनासाठी ‘मगा’ असं लिहिलं जाणारं आणि ‘मङा’ असं उच्चारलं जाणारं एक रूप आहे. आकडा आला की रोजच्या बोलण्यात त्याची गरज उरत नाही. चर्चमधल्या आणि छापील भाषेत ते आकड्यानंतर दिसतं, तिथे सोडून द्या. पण तेच आकड्याच्या आधी ठेवलं तर अर्थ फिरतो: लिमा का तावो म्हणजे पाच माणसं, मङा लिमा का तावो म्हणजे पाचेक माणसं. मङा आलास त्रेस, तीनच्या सुमारास. वेळ ठरवताना समोरच्याच्या बोलण्यात मङा होता की नाही हे ऐकून ठेवलेलं बरं.

तिसरी: सर्वनामाबरोबर ‘का’ चालत नाही. आपण तिघं म्हणजे कितांग तुलो, ते दोघं म्हणजे सिलांग दुहा. ‘मला तीन मुलं आहेत’ हेही साध्या रचनेत तुलो आकोंग आनाक असं होतं, आकडाच विधेय बनून पुढे येतो. आणि ‘तू’ या अर्थाचा एक वेगळा ‘का’ही भाषेत आहे. त्याची गंमत पुढे दवाखान्याच्या वाक्यांत दिसेल.

दहाच्या वर मूळ पद्धत अशी: नापुलोग उसा (अकरा), नापुलोग दुहा (बारा). हा ‘ग’ म्हणजे ‘उग’, आणि. दशकं ‘का… आन’ या वेष्टनात गुंडाळून होतात: कालुहाआन (वीस, ‘काव्हाआन’ही ऐकू येतं), कात्लोआन, काप्-आतान, कालिम्-आन, कान्-उमान, कापितोआन, कावालोआन, कासियामान. जिथे रेघ आहे तिथे घसा क्षणभर बंद करायचा. काप्-आतान सलग ‘कापातान’ म्हटलं तर चुकलं. उपातमधला ‘उ’ आणि तुलोमधला ‘उ’ मधल्या मधे गळून जातात हे लक्षात आलं की ही रूपं अवघड राहत नाहीत. शंभर म्हणजे उसा का गातोस, हजार उसा का लिबो.

ही दशकं पाठ करण्यात पहिल्या महिन्यात वेळ घालवू नका. बायबल, प्रवचन, भाषण, पाठ्यपुस्तक इथे ती भेटतात. दहा आज्ञांना नापुलो का सुगो म्हणतात, पण बाजारात ‘कापितोआन उग लिमा’ म्हणणारा माणूस तुम्ही एकटेच असाल. खुद्द तिथल्या मुलांनाही ही जड जातात. 2012 पासून सुरुवातीच्या इयत्ता मातृभाषेतून शिकवायचं धोरण आलं तेव्हा गणितातले लांबलचक मूळ आकडे हा तक्रारीचा एक विषय होता. 2024 च्या कायद्याने ती सक्ती उठली. तेव्हा ही दशकं ऐकून ओळखता आली तरी पुरे.

दुसरी माळ, म्हणजे जी व्हिडिओत ऐकलीत ती. स्पेनचा अंमल 1565 पासून 1898 पर्यंत. पेसो, घड्याळ, कॅलेंडर हे सगळं त्या काळात आलं आणि मोजायचे शब्द घेऊन आलं. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, साइस, सियेते, ओत्सो, न्वेबे, दियेस. ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. सोळापासून एकोणीसपर्यंत दिसिसाइस, दिसिसियेते, दिसिओत्सो, दिसिन्वेबे. मग बाइन्ते (किंवा बेन्ते), त्रेइन्ता, क्वारेन्ता, सिंक्वेन्ता, साइसेन्ता, सेतेन्ता, ओत्सेन्ता, नोबेन्ता. शंभर सियेन, पण पुढे काही जोडलं की सियेन्तो: दीडशे म्हणजे सियेन्तो सिंक्वेन्ता. तीसच्या पुढे मधे ‘य’ येतो: त्रेइन्ताय उनो, क्वारेन्ताय सिंको.

मराठी माणसाला इथे सुखच आहे. आपल्याकडे एक ते शंभर जवळजवळ शंभर वेगळे शब्द, त्यात एकोणचाळीस-एकोणपन्नासचा उलटा हिशेब. इथे दशक आधी आणि एकक मागून, कुठेही वाकडंतिकडं नाही. फक्त घाईत आपला मेंदू ‘पंचवीस’च्या चालीने एकक आधी काढायला बघतो, त्याला आवरायचं.

चुका होतात त्या ऐकण्यात. दोस-दोसे आणि त्रेस-त्रेसे या जोड्या गजबजाटात एकसारख्या लागतात. शेवटच्या ‘ए’कडे कान ठेवा. किन्से पंधरा, किन्येन्तोस पाचशे, सिंक्वेन्ता पन्नास: तिघांत गोंधळ झाला तर सरळ पैशाला चाट. मूळ स्पॅनिशमधले साठ आणि सत्तर (सेसेन्ता, सेतेन्ता) इतके जवळचे आहेत की सेबुआनोने साठच्या तोंडाला ‘साइस’ लावून ते वेगळं केलं. म्हणून साठ म्हणताना ‘साइ’ स्पष्ट उच्चारा. शेकड्यांत नियम मोडणारे तीन: किन्येन्तोस (500), सेतेस्येन्तोस (700), नोबेस्येन्तोस (900). बाकी दोस्येन्तोस, त्रेस्येन्तोस सरळ चालीचे. हजाराला मिल: साडेबाराशे म्हणजे मिल दोस्येन्तोस सिंक्वेन्ता.

पेसोबरोबर ‘का’ नको: बाइन्ते पेसोस, सिंको पेसोस. वयातही नको: बाइन्ते-दोस आन्योस. माणसं किंवा नग दहाच्या वर गेले तर मात्र स्पॅनिश आकड्यालाही ‘का’ लागतो: किन्से का तावो, बाइन्ते का बुओक. म्हणजे ‘का’ कोणत्या माळेला लागतो हा प्रश्नच चुकीचा, तो मोजल्या जाणाऱ्या वस्तूला लागतो. पैसे, वय, घड्याळ यांची मापं आकड्यासकट स्पॅनिशमधूनच आली, म्हणून तिथे जोडाची गरज पडली नाही.

बाजारात किंमत विचारायला नुसतं ‘पिला नी?’ (हे कितीला?) चालतं, पण दर विचारायचा तर ‘तागपिला’. ताग- म्हणजे प्रत्येकी, मराठीतल्या ‘वीसला एक’सारखं. तागपिला आंग किलो? उत्तर येईल ताग-ओत्सेन्ता, म्हणजे ऐंशीला किलो. भाजीचे वाटे लावलेले असतील तर ताग-बाइन्ते आंग तापोक, वीसला वाटा. सेबूतल्या कार्बन मार्केटसारख्या ठिकाणी पाटीवर नुसता आकडा असतो. तो किलोचा की वाट्याचा हे तागपिलाने पक्कं करा. अर्धा किलो म्हणजे तुंगा सा किलो. घासाघीस करायला ‘पुइदे पा हांग्यो?’ एवढं पुरतं. सुटे नसतील तर ‘वाला कोय सिन्सिल्यो’. परत मिळणारे पैसे म्हणजे सुक्ली.

जीपनीत (ठरलेल्या मार्गावर धावणारी तिथली शेअर जीप) दोन्ही माळा एकाच श्वासात येतात, म्हणून सरावाला ती जागा उत्तम. ड्रायव्हरकडे पैसे पुढे सरकवताना किती जण आणि कुठून ते सांगायचं: दुहा, गिकान आयाला (दोघं, आयाला मॉलपासून). माणसं मोजली म्हणून मूळ आकडा. भाडं माणशी तेरा धरलं तर ड्रायव्हरचा हिशेब मात्र त्रेसे, बाइन्ते-साइस असा. आणि सेबू शहरातले जीपनीचे मार्ग क्रमांक, 04एल, 17बी, 13सी, हे इंग्रजीतच म्हणतात. ‘दिसिसियेते बी’ विचारलंत तर लोक हसतील, वर जीपनी निघून जाईल.

घड्याळ पूर्ण स्पॅनिश. एक वाजता आला उना, बाकी सगळे आलास: आलास दोस, आलास त्रेस. साडेतीन म्हणजे आलास त्रेस इ मेद्या. आपले दीड आणि अडीच यांना वेगळा शब्द शोधू नका, आला उना इ मेद्या आणि आलास दोस इ मेद्या असंच. सव्वा म्हणजे पुढे किन्से. पावणेतीनला मागून मोजायच्या फंदात न पडता आलास दोस क्वारेन्ताय सिंको म्हणा. सकाळ-संध्याकाळ नीट सांगावी लागते: सा बुन्ताग सकाळी, सा उद्तो भर दुपारी बाराच्या आसपास, सा हापोन दुपार उलटल्यापासून संध्याकाळपर्यंत, सा गाबिइ रात्री. पहाटेचे तीन-चार मात्र ‘सा काद्लावोन’. पहाटेची बस किंवा बोट पकडायची असेल तर हा शब्द आधी शिका. तारीखही बोलताना स्पॅनिश आकड्यात, औपचारिक लेखनात ‘इका-’ लावून.

या ‘इका-’पाशी मराठी येण्याचा खरा फायदा आहे. ‘कितवा’ हा शब्द इंग्रजीत नाही, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारे इथे धडपडतात. सेबुआनोत आपल्यासारखीच पूर्ण जुळणी आहे: पिला किती, इकापिला कितवा, कापिला कितीदा, तागपिला केवढ्याला एक. उत्तरं त्याच साच्यात: तुलो तीन, इकातुलो तिसरा, कातुलो तीनदा. पहिला तेवढा ‘उना’. ‘कितव्या नंबरचं मूल?’ हे इकापिला नी ङा आनाक? असं शब्दाला शब्द विचारता येतं. एकेक, प्रत्येकी एक म्हणजे तागसा, प्रत्येकी दोन तागुर्हा. कितीदाच्या उत्तराला ‘माका-’ लावलेली रूपंही आहेत, माकाउसा, माकादुहा. अर्थ तोच.

दवाखान्यात नेमक्या याच जुळणीवर सगळं चालतं. ताप किती दिवसांपासून: पिला ना का आद्लाव आंग हिलानात? उत्तर, तुलो ना का आद्लाव. उलट्या किती वेळा झाल्या: कापिला का नागसुका? इथला ‘का’ जोड नाही, ‘तू’ आहे. कापिलामध्ये ‘का-’ आधीच आलेला आहे. उत्तर, काउपात, चारदा. औषध सांगताना: उसा का ताब्लेता, कातुलो सा उसा का आद्लाव, एक गोळी दिवसातून तीनदा. कातुलोच्या जागी इकातुलो म्हटलं गेलं तर ‘तिसरी’ असा अर्थ निघतो आणि रुग्ण गोंधळतो. शंका वाटली तर तास सांगा: कादा वालो का ओरास, दर आठ तासांनी. रक्तदाब, तापमान, तपासणीचे आकडे इंग्रजीत, ‘वन-ट्वेन्टी ओव्हर एटी’. वय विचारलं तर उत्तर स्पॅनिश आकड्यात येईल, लहान बाळाचे महिने बहुतेक मूळ आकड्यात.

मोठ्या रकमांत एक सापळा खास आपल्यासाठी. लाख नाही. एक लाख म्हणजे उसा का गातोस का लिबो, शंभर हजार, आणि लिहिताना स्वल्पविराम 100,000 असा. बोलताना लोक इंग्रजीकडे वळतात, पण फी किंवा घरभाड्याची अनामत ठरवताना मनातल्या मनात लाखात रूपांतर करायला गेलं की एक शून्य इकडेतिकडे होतं. रक्कम लिहून घ्या.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी मूळ एक ते दहा, पण सुटे नाही. पहिल्या दिवसापासून ‘का’ आणि ‘बुओक’सकट, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मधे रा, ना, पा घालून. मग स्पॅनिश एक ते बारा घड्याळावर: दिवसभरात घड्याळ पाहिलं की वेळ मोठ्याने म्हणायची. त्यानंतर दशकं आणि शेकडे नोटांवर, 20, 50, 100, 200, 500, 1000. मग कोणाकडून तरी दोन अंकी आकडे स्पॅनिशमध्ये वाचून घ्या आणि ऐकून लिहा, कारण बोलणं लवकर येतं, ऐकणं मागे राहतं. मनिलाकडच्या टागालोग भाषेचे धडे मधे घुसू देऊ नका. तिथे दोन म्हणजे दालावा आणि जोडही वेगळा, दालावांग किलो. दावावला तुम्हाला दुहा का किलो लागणार आहे. एखादा आकडा निसटला तर ‘पिला गानी?’ (किती म्हणालात?) विचारा. बहुतेक दुकानदार परदेशी चेहरा बघून दुसऱ्यांदा तोच आकडा इंग्रजीत सांगतात किंवा कॅल्क्युलेटर पुढे करतात. तसं झालं तर आकडा स्पॅनिशमध्ये स्वतः उच्चारून पक्का करून घ्या.